एकच कुत्रा, दोन वजनं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. विमानात त्यांच्या शेजारच्या बाईंच्या पायाशी पिशवीत कुत्रं होतं, वास येत होता, आणि विमान खाली उतरेपर्यंत त्यांना चैन पडली नाही. शेवटी त्यांनी विचारलंय, "आज कुत्री, उद्या शेरडं न्यायची का विमानातून?" त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांचं निम्मं पत्र मला पटलं, ते कुठलं निम्मं ते पुढं येईलच. पण उरलेल्या निम्म्यात त्यांनी धरून चाललंय की, कुत्रं घेऊन विमानात चढणारा माणूस म्हणजे पैसा ऊतू चाललेला आणि नियम धाब्यावर बसवणारा. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालोय. पैसा किती ऊतू चाललाय ते कुठल्याही निवृत्त एसटीवाल्याला त्याच्या पेन्शनचा आकडा विचारून पाहावं. आणि नियम धाब्यावर बसवायचा तर तो आधी एका जागी बसलेला तरी हवा! यंदा जूनमध्ये मी, आमची मंडळी आणि आमचा खोबऱ्या पुण्याहून बंगळूरला विमानानं गेलो, सप्टेंबरमध्ये परत आलो. जाताना नियम एक होता, येताना दुसरा. पत्र त्याबद्दल आहे.

खोबऱ्या नऊ वर्षांचा आहे. पांढरा, केसाळ, कान उभे, शेपटी पाठीवर गुंडाळलेली. गल्लीत सगळे त्याला पामेरियन म्हणतात. डॉक्टर म्हणतात की हा आपला इंडियन स्पिट्झ, खरा पामेरियन इकडं फारसा दिसत नाही. खोबऱ्याला दोन्ही नावं चालतात, बिस्कीट दिलं की झालं.

लेकीचं पहिलं बाळंतपण. आमच्याकडं ते माहेरी व्हायचं, पण तिची डॉक्टर बंगळूरची, नोकरी तिथली, जावईही तिथं. म्हणून माहेरच बंगळूरला न्यायचं ठरलं. तीन महिने घर बंद. खोबऱ्याला कुठं ठेवणार? चार वर्षांपूर्वी एका लग्नासाठी त्याला मेव्हणीकडं कोरेगावला ठेवलं होतं, तर चार दिवस तो दारात तोंड करून बसला आणि अन्नाला शिवला नाही. पाचव्या दिवशी मेव्हणीच रडत त्याला घेऊन आली.

गाडीनं का नेलं नाही, असं विचारतील. आमचं सातारा तर बंगळूरच्या हमरस्त्यावरच आहे. बरोबर आहे. पण खोबऱ्याला गाडी लागते. पुण्याला जायचं तर खंबाटकी घाटाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा थांबावं लागतं. तेरा-चौदा तास त्याचं आणि मंडळींच्या कमरेचं काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. मग माहुलीला स्टेशनवर जाऊन पार्सलच्या खिडकीशी चौकशी केली. रेल्वेत कुत्रं जवळ ठेवायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे नाहीतर अख्खी केबिन आपली हवी. ती मिळाली की नाही हे चार्ट लागल्यावर कळणार. नाहीतर गार्डाच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. ती पेटी मी पाहिलीय. लोखंडी पत्रा आणि जाळीचं दार. रात्रभर खालून चाकांचा खडखडाट आणि शेजारी कुणाची तरी मोटरसायकल गोणपाटात गुंडाळलेली. रेल्वेला मी नावं ठेवत नाही, एके काळी तेवढीच सोय होती. पण नऊ वर्षं माझ्या पलंगाखाली झोपलेल्या जिवाला मी त्यात घालणार नव्हतो.

राहिलं विमान. आपल्याकडं सगळ्याच कंपन्या कुत्रं आत घेत नाहीत. एअर इंडिया पूर्वीपासून घेते, आकासानं नोव्हेंबर २०२२ पासून घ्यायला सुरुवात केली. इंडिगोत अंध-अपंगांच्या मदतीला शिकवलेलं कुत्रंच येऊ शकतं, पाळीव नाही. माझी कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती आणि मला कुणाच्या नोकरीवर यायचं नाही. तिकीट काढल्यावर फोन करून कुत्र्याची नोंद करायची, विमानात एकदोनच जनावरांना जागा असते म्हणून त्यांच्या मंजुरीची वाट बघायची, मग वेगळे पैसे भरायचे. माझं तिकीट चार हजार दोनशेचं, खोबऱ्याचं भाडं पाच हजारांच्या वर. एवढे पैसे भरून त्याला सीट नाही, पुढच्या सीटखाली पिशवीत बसायचं, पिशवीची चेन लावलेली, डोकंही बाहेर काढायचं नाही. मंडळी म्हणाल्या, "म्हणजे उभ्यानं प्रवास, तोही फुल तिकिटाच्या वर."

आता दाखला. विमानात बसायला तब्येत ठीक आहे असा पशुवैद्यकाचा दाखला आणि रेबीजच्या लशीची नोंद लागते. आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं दिवसभर गाभण म्हशी आणि खुरकुताच्या शेळ्या. त्यांच्याकडचा छापील फॉर्म गुराढोरांच्या बाजारासाठीचा. डॉक्टर म्हणाले, "हाच भरतो, सही-शिक्का महत्त्वाचा." त्यात रकाना होता: शिंगांचे वर्णन. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं लिहिलं, "नाहीत." पुण्याला काउंटरवरच्या मुलीनं तो कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि शिक्का मारला. परतीच्या वेळी मात्र बंगळूरला नवा दाखला काढावा लागला, कारण जुना तीन महिन्यांचा झाला होता.

याच डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या ज्यांना कुत्रं न्यायचंय त्यांच्या कामाच्या आहेत. शेजारच्या आप्पांनी सल्ला दिला होता की झोपेची गोळी देऊन टाका, बिनघोर जाईल. डॉक्टर चक्क ओरडले. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, अंगाची उष्णता सांभाळता येत नाही, पिशवी कलली तर त्याला तोल सावरता येत नाही. विमानातली हवा दाबाखाली असली तरी जमिनीवरच्याएवढी दाट नसते, सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी असते. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आतबाहेर. म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच वर नेऊन बसवायचं आणि वर गुंगी द्यायची, म्हणाले, हे माणसाला तरी कराल का? दुसरी गोष्ट चपट्या नाकाच्या जातींची. पग, बुलडॉग, शित्झू यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. धाप लागली आणि हवा पुरली नाही तर संपलं. म्हणून पुष्कळ कंपन्या या जाती सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत. पोटातल्या त्या कप्प्यातही जनावरं ठेवतात तिथं दाब आणि हवा असते. धोका असतो तो जमिनीवर, उन्हात ट्रॉलीवर पिंजरा उभा राहतो तेव्हा.

गोळी नाही तर काय? सवय. पिशवी महिनाभर आधी आणली. मऊ कापडाची, तीन बाजूंना जाळी, तळाला फळी. ती बैठकीत उघडी टाकून ठेवली आणि खोबऱ्याचं जेवण तिच्यातच द्यायला लागलो. पहिले चार दिवस तो मान लांब करून खायचा, मागचे पाय बाहेर. पाचव्या दिवशी आत बसला. दहाव्या दिवशी दुपारची झोप आतच. मग चेन लावून झोपाळ्यावर ठेवलं आणि झोके दिले. खरी परीक्षा आवाजाची होती. त्याला मी दोनतीनदा पिशवीतून सातारा स्टँडवर नेलं आणि फलाटाच्या कठड्यावर शेजारी घेऊन बसलो. गाड्या रिव्हर्स घेताना शिट्ट्या, इंजिनांचा गुरगुराट, माझ्या जुन्या केबिनमधून होणारी घोषणा, बाटल्या विकणारी पोरं. जुने कंडक्टर येऊन विचारायचे, "साहेब, कुठली गाडी धरताय?" मी म्हणायचो, "विमान." त्यांना वाटायचं निवृत्तीनंतर साहेबांचं डोकं फिरलं. खोबऱ्या पहिल्या दिवशी थरथरत होता. तिसऱ्या खेपेला मेढ्याची गाडी सुटत असताना जाळीला नाक लावून वडापावच्या गाड्याकडं बघत होता. तेव्हा मी ओळखलं, जमणार.

पुण्याला लोहगावला तीन तास आधी पोचलो. कुत्रं बरोबर असलं की घरबसल्या चेक-इन होत नाही, काउंटरवरच जावं लागतं. तिथल्या मुलीनं विचारलं, "वजन किती?" मी म्हटलं, "घरी पाच किलो चारशे भरलं." ती म्हणाली, "बाहेर काढून ठेवा." मी खोबऱ्याला पिशवीतून काढून काट्यावर उभा केला. काटा म्हणजे आपल्या बॅगा ठेवतो तो पट्टा. आकडा आला ५.४. तिनं पावतीवर लिहिलं ५.४, मला हमीपत्रावर सही करायला लावली, खोबऱ्याच्या डोक्यावर हात फिरवला, झालं. आमच्या कागदावर मर्यादा सात किलो होती. (ही मर्यादाही कंपनीगणिक वेगळी, कुठं कमी, कुठं जास्त.) पिशवी तिनं वजन केली नाही. मलाही त्यात काही खटकलं नाही. माणसाचं वजन करताना त्याची पेटी कोण धरतो?

मग सुरक्षा तपासणी. इथं माझी खरी तंतरली. पिशवी एक्स-रे मशीनमधून जाते, कुत्रं जात नाही. त्याला काखेत घेऊन आपण चौकटीतून जायचं. गळपट्ट्याला आणि अंगातल्या पट्ट्याला लोखंडी कड्या, म्हणून ते दोन्ही काढून ट्रेमध्ये टाकायचे. म्हणजे भर विमानतळावर, ट्रे आदळतायत, यंत्रं टुं टुं करतायत, माणसं कंबरपट्टे काढतायत, आणि माझ्या हातात पाच किलोचं जनावर, ज्याच्या अंगावर धरायला एक दोरासुद्धा नाही. तो निसटला असता तर थेट धावपट्टीपर्यंत कुणाला सापडला नसता. डाव्या हाताच्या तळव्याखाली त्याचं काळीज असं उडत होतं की मोजता येईना, नुसती एक सलग थरथर. जवानानं आधी मला तपासलं, मग यंत्र हळूच खोबऱ्याच्या पाठीवरून फिरवलं. "नाव काय?" मराठीत विचारलं. मी सांगितलं. तो लातूरकडचा निघाला. म्हणाला, "घरी आमचा पण आहे, काळा. त्याचं नाव गुळ्या." त्या एका वाक्यासरशी माझ्या हाताची पकड जरा सैल झाली, खोबऱ्याला ते कळलं असावं, त्यानं माझी हनुवटी चाटली.

सीट शेवटच्या रांगेत, खिडकीची. पिशवी सीटखाली सरकवत होतो तर पलीकडचा एक तरुण मदतीला धावला, "काका, द्या, वर ठेवतो." पोरगा भला होता. पण मी पिशवी घट्ट धरली. मार्च २०१८ मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात असंच एक फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू पिशवीसकट वरच्या कप्प्यात ठेवायला लावलं होतं. दहा महिन्यांचं. साडेतीन तासांनी कप्पा उघडला तेव्हा ते मेलेलं होतं. वरचा कप्पा बंद झाला की तिथं हवा खेळत नाही. मी त्या पोराला एवढं सगळं सांगितलं नाही, "नको बाळा, त्याला वर करमत नाही" एवढंच म्हटलं. पण कुणी कुत्रं नेणार असेल तर हे एक वाक्य लक्षात ठेवावं: पिशवी पायाशी, डोक्यावर नाही.

विमान वर चढताना त्यानं एकदा 'ऊं' केलं. उतरताना कान बसतात, तेव्हा गिळत राहिलं की मोकळे होतात, म्हणून मंडळींनी पनीरचे बारीक तुकडे करून आणले होते. चेन दोन बोटं उघडायची, एक तुकडा सरकवायचा. बंगळूर येईपर्यंत डबी रिकामी.

आता त्या गृहस्थांच्या पत्रातला मला पटलेला भाग. आमच्याच रांगेत एक मध्यमवयीन गृहस्थ येऊन बसले, पिशवी हलताना पाहिली आणि म्हणाले, "मला दमा आहे हो. केसांचा त्रास होतो." हवाईसुंदरीनं धावपळ करून त्यांना सहा रांगा पुढं बसवलं आणि तिकडच्या एका कॉलेजच्या मुलीला आमच्याकडं पाठवलं. मुलगी खूश झाली, प्रश्न मिटला. पण मी मात्र शरमलो. विमान भरलेलं असतं तर? खोबऱ्याची नोंद चार दिवस आधी झाली होती, सीट ठरलेली होती. कंपनीच्या संगणकाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शेजारी बसणाऱ्या माणसाला. एक मेसेज पाठवायला काय लागतं? 'तुमच्या रांगेत पाळीव प्राणी आहे, अडचण असल्यास कळवा.' कुणाला दमा असतो, कुणाला लहानपणी कुत्रं चावलेलं असतं, कुणाला नुसतीच भीती असते. त्यांनी ती विमानाचं दार बंद झाल्यावर का सांगायची? पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी राग त्या बाईंवर काढला. त्या बाईंनी पैसे भरून, कागद दाखवून जागा घेतली होती.

बंगळूरचे तीन महिने सोडून देतो. नात झाली. खोबऱ्यानं पाळण्याखाली जागा धरली. आणि जावयानं त्याला डोशाची चटक लावली. या शेवटच्या गोष्टीचे परिणाम आता सांगतो.

परतीच्या दिवशी बंगळूरच्या काउंटरवर एक तरुण होता, हिंदीत बोलत होता, नम्र. मी सवयीनं खोबऱ्याला बाहेर काढायला लागलो तर म्हणाला, "अंकल, बॅग के साथ." पिशवीसकट काट्यावर ठेवलं. ७.३. त्यानं पुण्याची पावती पाहिली, ५.४. पुन्हा काट्याकडं पाहिलं. "अंकल, तीन महिने में दो किलो?"

मी त्याला समजावलं की तिकडं नुसतं कुत्रं मोजलं होतं. तो म्हणाला, नियम पिशवीसकट आहे. मी म्हटलं, मग पुण्याला? तो म्हणाला, पुण्याचं मला माहीत नाही. मी म्हटलं, फोनवर नोंद करताना मुलीनं 'पेट का वजन' विचारलं होतं, पिशवीचं नाव काढलं नव्हतं. त्यानं संगणक माझ्याकडं वळवून दाखवला. इंग्रजीत लिहिलं होतं, पिशवी धरून. म्हणजे तो खरा होता. पुण्याची मुलगी चुकली होती, आणि तिच्या चुकीनं माझा जाण्याचा प्रवास सुखाचा झाला होता. आता भांडू कुणाशी? जास्तीचं वजन असेल तर कुत्रं खालच्या कप्प्यात जाईल, त्याला लाकडी नाहीतर प्लास्टिकचा टणक पिंजरा लागेल, आणि तो पिंजरा माझ्याकडं नव्हता. काउंटर बंद व्हायला पन्नास मिनिटं होती.

मंडळींनी पिशवीतला टॉवेल काढला. ७.२. खाली अंथरलेलं डायपरसारखं पॅड काढलं, अंगातला पट्टा काढला. ७.१. बाजूच्या कप्प्यातल्या दोन बिस्किटांचा पुडासुद्धा काढला. काटा हलला नाही. मी विचारलं, "सात किलोपर्यंत म्हणजे सात धरून की सोडून?" तो म्हणाला, "धरून." म्हणजे शंभर ग्रॅम. अडतीस वर्षं नोकरीत मी लोकांशी लगेजवरून वाद घातले, माझ्या म्हातारपणी नियतीनं शंभर ग्रॅमांचा हिशेब काढला.

तेवढ्यात मंडळींना सुचलं. म्हणाल्या, "अहो, सकाळपासून त्यानं काही केलं नाहीये."

खरंच होतं. पहाटे गडबडीत त्याला नीट फिरवलं नव्हतं, आणि गाडीत पाणी मात्र भरपूर प्यायला होता. विमानतळात एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर जायचं तर दारावरच्या जवानाला पटवावं लागतं. त्या काउंटरच्या तरुणाचं कौतुक यासाठी की तो स्वतः आमच्याबरोबर दारापर्यंत आला, वहीत नोंद करून दिली. बाहेर हिरवळीचा एक पट्टा होता, त्यावर 'चालू नये' अशी पाटी. खोबऱ्या पाटी वाचत नाही. एरवी तीन खांब हुंगल्याशिवाय पाय वर न करणारा हा गडी, त्या दिवशी हिरवळीवर पोचताक्षणी उभा राहिला आणि इतका वेळ उभा राहिला की मी घड्याळ बघायचं विसरलो. पुढं चार पावलांवर दुसरंही काम उरकलं. मी ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हे पत्र वाचून कुणी विचारायच्या आत सांगतो.

परत आत. काट्यावर ठेवलं. आकडा एकदा ७.१ वर गेला, थरथरला, ७.० वर येऊन थांबला. काउंटरवरचा तरुण, मागच्या रांगेतलं एक तामिळ कुटुंब आणि आमची मंडळी, सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. खोबऱ्या भुंकला.

हसण्यावारी नेलं, पण घरी आल्यावर मी विचार करत बसलो. माझ्या नोकरीची सुरुवात कंडक्टर म्हणून झाली. बामणोलीच्या मुक्कामी गाडीत टोपलीभर कोंबड्या घेऊन बाया चढायच्या, वर लुगड्याचं फडकं टाकलेलं, आणि आम्ही विचारलं की म्हणायच्या, "भाजी हाय." भाजी आतून कुरकुरायची. तेव्हाही वाद व्हायचे, पण पुस्तक एकच असायचं. मेढ्याचा कंडक्टर जे मोजेल तेच कोल्हापूरचा मोजेल. चुकलं तर चेकर दोघांच्याही वेबिलावर सारखाच शेरा मारेल. विमान कंपनीच्या एका काउंटरला कुत्रं पिशवीबाहेर लागतं, दुसऱ्याला आत, आणि फोनवरच्या मुलीला दोन्हींतला फरकच ठाऊक नाही, हे तिकिटाला पाच हजार जास्त घेऊन चालतं कसं?

सवयीनं मूळ कागद शोधला. विमान नियम १९३७ मध्ये २४-सी हा नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालकांच्या परवानगीशिवाय आणि तिच्या अटी पाळल्याशिवाय विमानातून जनावर, पक्षी, सरपटणारा प्राणी न्यायचा नाही. पाळीव प्राण्यांसाठी १९८५ सालचं नऊ नंबरचं परिपत्रक आहे. त्या साली मी चिमटा आणि तिकिटांचा ट्रे घेऊन फिरत होतो, आणि सातारकरांपैकी विमानात बसलेला माणूस शोधावा लागायचा. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. एवढं मोठं घर नव्यानं बांधलंय तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं या कोपऱ्यातही एकदा झाडू मारावा. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीनं आपली ठेवावी, विमानं वेगळी, सीटखालची जागा वेगळी. पण वजन करायचं कसं हे सगळीकडं एक असावं, पिशवीसकट तर पिशवीसकट, आणि नोंद करताना ते प्रवाशाच्या भाषेत सांगावं. शेजारच्या प्रवाशाला आगाऊ कळवावं. आणि सुरक्षेच्या आत कुठंतरी चार फूट वाळूचा चौकोन करावा. माणसांसाठी इतकी संगमरवरी सोय केलीय, कुत्र्याला 'चालू नये'च्या पाटीखाली जावं लागू नये.

जानेवारीत नातीचं उष्टावण आहे, पुन्हा जायचं आहे. वाण्याकडं गहू मोजायचा मोठा काटा आहे. दर रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला, मी खोबऱ्याला पिशवीसकट तिथं नेतो. जावयाला डोशाबद्दल समज दिलेली आहे. परवाच्या रविवारी सहा किलो सातशे भरलं, पट्ट्यासकट, टॉवेलसकट. वाणी चिठ्ठीवर लिहून देतो, मी त्या चिठ्ठ्या लशीच्या पुस्तकात लावून ठेवतोय.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सातारा
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडं दिला आहे, छापू नये. गल्लीतले लोक खोबऱ्याचं वजन विचारून हैराण करतील.)